साठाव्या वर्षीं पुन्हां वर्गांत

ज्यानें छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस बांकावर बसविलें, त्याच्यावर छत्तीस ह्याच आंकड्यापायीं स्वतः बांकावर बसण्याची पाळी यावी, हा विधात्याच्या विनोदबुद्धीचा एक नमुनाच म्हटला पाहिजे. सन २०१८ च्या उन्हाळ्यांत मी व आमचें कुटुंब चिरंजीवांकडे इंग्लंडांत चार महिने राहून आलों. तिकडून परतलेले लोक राजवाड्यांचीं व पदार्थसंग्रहालयांचीं वर्णनें लिहितात; तीं वाचकांच्या वाचनांत पुष्कळ आलीं असतील. मी मात्र त्या देशांतील अशा एका स्थळाची हकीकत सांगणार आहें, कीं जेथें प्रवासी हौसेनें जात नाहीं. त्याला तेथें बोलावणें यावें लागतें.

चिरंजीवांचें बिऱ्हाड ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर, टेम्स नदीच्या कांठीं असलेल्या अ‍ॅबिंग्डन ह्या गांवीं होतें. गांव फार जुनें. एके काळीं तेथें मोठा मठ होता; तो आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३८ सालीं, मोडीत निघाला. बाजारचौकांत सतराव्या शतकांतील भव्य कचेरी आहे, आणि राजघराण्यांत कांहीं मंगल प्रसंग असला म्हणजे तिच्या गच्चीवरून खालीं जमलेल्या लोकांवर गोड पाव उधळण्याची चाल आहे. आमच्या कुटुंबाला हें ऐकून फार बरें वाटलें. "म्हणजे प्रसाद वाटण्याची रीत इकडेही आहे म्हणायची," ती म्हणाली. ह्याच गांवीं १९२९ पासून १९८० पर्यंत एम्. जी. नांवाच्या चपळ मोटारी तयार होत असत. हा शेवटचा तपशील पुढें माझ्या लक्षांत राहण्यास कारण घडलें.

तेथें वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात व आपला परवाना पाहुण्याला वर्षभर चालतो. चिरंजीवांनीं विम्यांत माझें नांव घालून घेतलें आणि मी त्यांची लहान मोटार घेऊन आसपास हिंडूं लागलों. एके दिवशीं एकटाच ऑक्सफर्डला गेलों. संस्कृतावर जन्म काढलेल्या माणसास त्या नगराचें आकर्षण कां असावें, हें सांगावयास नको. तेथील संस्कृताच्या बोडेन अध्यासनावर १८३२ सालीं विल्सनसाहेबांची पहिली नेमणूक झाली. आणि १८६० सालीं त्याच जागेसाठीं मतदान होऊन मोनियर विल्यम्स ८३३ मतांनीं निवडून आले व मॅक्स म्यूलर ६१० मतें मिळून पडले. ज्यांनीं सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ ह्या काळांत सहा खंडांत छापून काढला, त्यांना संस्कृताची जागा मिळाली नाहीं! होलीवेल नांवाच्या जुन्या स्मशानभूमींत त्यांचें थडगें आहे. हिंदुस्थान एकदांही न पाहिलेल्या ह्या पंडिताला आपल्या लोकांनीं प्रेमानें 'मोक्षमूलर' म्हटलें. दाट गवतांत त्यांचें नांव शोधून काढून मी वहाणा काढून उभा राहिलों, तेव्हां डोळे भरून आले हें कबूल करण्यास मला संकोच वाटत नाहीं.

त्याच भरांत मी परत निघालों. वाटेंत एक खेडें लागलें: दुतर्फा विटांचीं घरें, पुढें गुलाबाचे ताटवे, एक लहानशी शाळा. कडेला उभी असलेली पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी मला दिसलीही नाहीं. माझें चित्त सायणाचार्यांजवळ होतें.

दहा-बारा दिवसांनीं चिरंजीवांच्या नांवें टपालानें एक पत्र आलें. मोटार ज्याच्या नांवावर असते त्याला अशी सूचना चौदा दिवसांच्या आंत पोंचावी लागते, आणि त्या वेळीं गाडी कोण चालवीत होतें हें त्यानें अठ्ठावीस दिवसांत कळवावें लागतें. तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून मोटार ताशीं छत्तीस मैलांनीं गेली, असें त्यांत लिहिलें होतें. पत्र वाचून दाखवितांच माझ्या तोंडून निघालें, "छे, मी कांहीं फार वेगांत नव्हतों!"

चिरंजीव हंसून म्हणाले, "अण्णा, तुम्ही कशाला ह्या भानगडींत पडतां? मीच चालवीत होतों असें लिहून टाकतों. तुम्हांला महिन्या-दीड महिन्यानें परत जायचें आहे."

खरें सांगावयाचें तर त्या सायंकाळीं मीं नकार दिला नाहीं. गप्प राहिलों. परक्या देशांत, परक्या भाषेंत पोलिसांशीं संबंध येणें ह्याची मला भीति वाटली, आणि मुलाच्या प्रेमाआड ती भीति लपविणें सोपें होतें. सूनबाई मात्र ताटें वाढतां वाढतां शांतपणें म्हणाल्या, "अण्णा, इथें हा फार मोठा गुन्हा धरतात. क्रिस ह्यून नांवाचे एक मंत्री होते. त्यांचा वेगाचा दोष त्यांच्या पत्नीनें आपल्यावर घेतला होता. दहा वर्षांनीं, २०१३ सालीं, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली."

रात्रीं मला झोंप आली नाहीं. कैदेच्या भयानें नव्हे. हाच मुलगा चौथींत असतां दुसऱ्याच्या वहींतलें गणित उतरवून 'माझेंच आहे' असें म्हणाला होता, आणि मीं साऱ्या वर्गासमोर त्याच्या हातावर छडी मारली होती. तोच आज माझ्यासाठीं खोटें लिहावयास सिद्ध झाला होता, आणि मी त्याला लिहूं देणार होतों. सकाळीं स्नान आटोपून मी म्हणालों, "कागद आण. माझें नांव घाल." त्यानें मुकाट्यानें कागद पुढें केला. नंतर माझ्या नांवें दुसरें पत्र आलें. शंभर पौंड दंड व परवान्यावर तीन गुण, किंवा त्याऐवजीं स्वखर्चानें चार तासांच्या वर्गास हजेरी. मर्यादेचा भंग थोडका असेल व मागील तीन वर्षांत हा वर्ग केलेला नसेल, तरच ही सवलत देतात. आमच्या शाळेंत गुण मिळाले कीं मुलें पेढे वाटीत. तेथें तीन वर्षांत असे बारा गुण जमले कीं परवानाच जातो. मीं वर्ग पत्करला.

वर्ग एका हॉटेलच्या दालनांत होता. नऊची वेळ. दारांत ओळखपत्रें पाहून आंत सोडीत होते. दहा मिनिटें उशिरां आलेल्या एका बाईंना नम्रपणें परत पाठविण्यांत आलें. त्या आर्जवें करीत होत्या, पण शिक्षक बधले नाहींत. माझ्यांतील जुन्या मास्तराला तें पाहून समाधान वाटलें, आणि लागलीच त्या समाधानाची लाजही वाटली. आम्ही वीसजण होतों. एक रात्रपाळी करून आलेली परिचारिका, एक सामान पोंचविणारा गाडीवान, एक पाद्री, पाऊणशें वर्षांच्या एक आजीबाई, दोन-तीन तरुण. शिकविणारे दोघे, एक प्रौढ बाई व एक गृहस्थ. त्यांनीं प्रथमच सांगितलें कीं, येथें परीक्षा नाहीं आणि पास-नापासही नाहीं. मात्र लक्ष देणें व बोलणें भाग आहे. कोणालाही त्यांनीं गुन्हेगार म्हटलें नाहीं.

पहिला प्रश्न आला: ज्या रस्त्यावर वेगाची पाटी नाहीं, तेथील मर्यादा कशी ओळखावी? वीसजणांपैकीं दोघांनाच उत्तर आलें. रस्त्यावर जवळजवळ दिव्यांचे खांब असले आणि निराळी पाटी नसली, तर मर्यादा तीस मैलांची समजावी. वर्षानुवर्षें गाडी चालविणारी ही मंडळी, पण मुळाक्षरेंच विसरलेली! हा तीस मैलांचा नियम मार्च १९३५ पासूनचा. त्यापूर्वींचा इतिहास मीं नातीच्या पुस्तकांत वाचला होता. १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक वाहनाला गांवांत ताशीं दोन मैल व बाहेर चार मैल एवढीच मोकळीक होती, आणि पुढें तांबडें निशाण घेऊन माणूस चालावा लागे. १८९६ सालीं केंट परगण्यांत वॉल्टर अर्नोल्ड नांवाचा गृहस्थ दोनाच्या जागीं आठ मैलांनीं निघाला, तेव्हां शिपायानें सायकलवरून पाठलाग करून त्याला धरलें व त्याला एक शिलिंग दंड झाला. माझा गुरु तो!

मग एकेकानें आपापलें कारण सांगावयाचें होतें. घाई, झोंप, उतार, मागच्या गाडीचा रेटा. माझी पाळी आली तेव्हां मी म्हणालों, "आमच्या देशीं कांटा किलोमीटर दाखवितो. छत्तीसचा आंकडा माझ्या डोळ्यांना बैलगाडीसारखा वाटला." सर्व हंसले. बाई म्हणाल्या, "छत्तीस मैल म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न किलोमीटर. आपल्या गांवीं शाळेसमोरून आपण अठ्ठावन्ननें जाल का?" मीं उत्तर दिलें नाहीं. कांट्याचें कारण खरें होतें, पण पुरें नव्हतें. त्या खेड्यांत मीं कांट्याकडे पाहिलेंच नव्हतें.

नंतर त्यांनीं फळ्यावर हिशेब मांडला. तीस मैलांच्या वेगांत मनांत धोका उमटून पाय ब्रेकवर पडेपर्यंत मोटार नऊ मीटर जाते, व ब्रेक लागल्यावर आणखी चौदा, एकूण तेवीस. चाळीस मैलांस हेंच अंतर छत्तीस मीटर होतें, कारण विचाराचें अंतर वेगाच्या पटींत वाढतें, पण ब्रेकचें अंतर वेगाच्या वर्गाच्या पटींत. मीं वहींत छत्तीस मैलांचें गणित करून पाहिलें. तीस मैलांनीं येणारी मोटार ज्या ठिकाणीं पूर्ण उभी राहते, त्याच ठिकाणीं छत्तीस मैलांनीं येणारी मोटार अजून ताशीं बावीस मैलांहून अधिक वेगानें पुढें जात असते. पुन्हां करून पाहिलें. उत्तर तेंच. आणि मिळविलें काय? तें खेडें अर्धा मैल लांब धरलें, तर तीसनें साठ सेकंद लागतात, छत्तीसनें पन्नास. दहा सेकंद.

त्या वहीकडे पाहतां पाहतां माझ्या डोळ्यांपुढें कोंकणांतील आमची शाळा उभी राहिली. ती महामार्गाच्या कडेला आहे. सन १९९६ च्या पावसाळ्यांत सातवींतला एक मुलगा मधल्या सुटींत रस्ता ओलांडतांना मोटारीखालीं सांपडला. 'रामः रामौ रामाः' खणखणीत म्हणणारा मुलगा. मी धांवत गेलों तेव्हां मोटारवाला, एक मध्यम वयाचा सभ्य माणूस, कडेला बसून थरथरत होता. तो मला म्हणाला, "मास्तर, मी कांहीं फार वेगांत नव्हतों हो." मी त्याला सर्वांदेखत खोटारडा म्हणालों. पुढें बावीस वर्षें मीं त्याला मनांतून खोटारडाच मानलें. आणि आतां एका परक्या गांवीं मला उमगलें कीं, तो खोटें बोलत नव्हता. त्याला तसें खरोखरच वाटत होतें. मलाही तसेंच वाटलें होतें. शब्दही तेच होते. त्याच्यापुढें मूल आलें आणि माझ्यापुढें आलें नाहीं, एवढाच आम्हां दोघांतला फरक. तो माझ्या पुण्याईचा नव्हता.

ह्याचा अर्थ त्याचा दोष गेला असें नव्हे. माझा दोष मला दिसला, एवढेंच.

आपला 'वेग' हा शब्द विज् धातूपासून आला आहे. धातुपाठांत त्या धातूचे अर्थ दोन दिले आहेत: भय आणि चलन. 'उद्वेग' हाही त्याच मुळाचा. छत्तीस वर्षें मीं हें मुलांस घोकावयास लाविलें, पण एकाच धातूंत भय आणि गति शेजारीं शेजारीं कां बसलीं, ह्याचा विचार त्या दिवसापर्यंत केला नव्हता. तसाच 'शिक्षा' हा शब्द. संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकविणें, आणि ती सहा वेदांगांपैकीं एक. मराठींत मात्र शिक्षा म्हणजे दंड. छडी हातांत घेऊन मीं बहुधा दुसराच अर्थ वापरला. त्या दालनांत मला दोन्ही अर्थ एका ठिकाणीं भेटले.

एक वाजतां वर्ग सुटला. दारांत शिक्षकांनीं प्रत्येकाशीं हस्तांदोलन केलें. ह्या वर्गांचा उपयोग होतो का, ह्याची तिकडे सरकारनें चौकशी करविली. तिचा अहवाल त्याच वर्षीं निघाला. वर्गास बसलेल्यांकडून पहिल्या सहा महिन्यांत पुन्हां तोच अपराध घडण्याचा संभव १२ ते २३ टक्क्यांनीं कमी होतो, असें त्यांत आढळलें. शंभरांतील कांहीं जण तरी सुधारले, ही कोणत्याही शाळेच्या निकालांत लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हे. आपल्याकडेही २०२३ सालीं समृद्धि महामार्गावर भरधांव जाणाऱ्यांस थांबवून समुपदेशन करण्याचा उपक्रम परिवहन खात्यानें केला, हें वाचून मला आनंद झाला.

घरीं नात दारांतच उभी होती. "आजोबा, पास झालांत?"

"तिथें पास-नापास नसतें, बाळ."

"मग कळणार कसें?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालों, "रोज शाळेवरून जातांना कळेल."

परत आल्यापासून मी आमच्या शाळेपुढें मोटार तिसऱ्या गिअरमध्यें घालतों. वेग मर्यादेंत राखण्याची ही युक्ति त्या बाईंनीं सांगितलेली. मागचे लोक भोंगे वाजवितात. त्यांचे दहा सेकंद मी घेतों, हें खरें आहे. त्या मोटारवाल्या गृहस्थांचें नांव-गांव मला ठाऊक नाहीं. नाहींतर एक पत्र त्यांनाही लिहिलें असतें.