दहा लक्ष आणि साठ

सहा पिना असलेल्या कुलपात प्रत्येक पिनेच्या दहा संभाव्य उंची मानल्या, तर वेगवेगळ्या किल्ल्यांची संख्या, निदान कागदावर, दहा लक्ष होते. ग्राहक या गुणाकारावर विसंबतो. परंतु किल्लीवाचून कुलूप उघडू पाहणारा गुणाकार करीतच नाही. तो बेरीज करतो. एकेक पिन स्वतंत्रपणे चाचपता आली, तर दहा लक्ष शक्यतांचे फार तर साठ प्रयत्न उरतात. उच्च सुरक्षेच्या कुलपाची सारी गुंतागुंत येथून सुरू होते. पिना वाढवणे हे तिचे मर्म नव्हे. कोणत्याही पिनेने एकटीने उत्तर देऊ नये, हे तिचे मर्म आहे.

मूळ रचना साधी. किल्ली ज्यात शिरते तो दंडगोल, त्याभोवतीचे कवच, दोहोंतून जाणारी भोके. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. योग्य किल्लीने सर्व जोड दंडगोलाच्या कडेशी एका रेषेत येतात व तो फिरतो. अमेरिकेतील धाकट्या लायनस येलने १८६० च्या दशकात या रचनेला आजचे रूप दिले. तत्त्व मात्र प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांइतके जुने आहे. भोके अगदी अचूक रेषेत पाडणे यंत्रालाही साधत नाही. त्यामुळे दंडगोलाला किंचित ताण दिला की एखादीच पिन आधी अडते. अडते म्हणजेच बोलते.

उत्तम कुलूप या बोलण्याचा बंदोबस्त करते. एखाद्या पिनेला डमरूचा आकार देतात. दंडगोल जरासा फिरतो, उघडणाऱ्याला यशाचा भास होतो आणि तो तिथेच अडकून पडतो. काही कुलपांत पिन उचलून भागत नाही, ती ठरावीक कोनात वळवावीही लागते, आणि सर्व पिना जुळल्याखेरीज बाजूची पट्टी सरकत नाही. अतिदक्षतेचाही धोका असतो. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने चब कंपनीचे कुलूप उघडून दाखवले. ते पिनांचे नव्हे, पट्ट्यांचे. चुकीचा प्रयत्न झाल्यास मालकाला खूण देणारे. ती खूण हॉब्जलाही उपयोगी पडली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपे करायला घेतली, तेव्हा या साऱ्या स्पर्धेचा इतिहास त्यांच्यामागे उभा होता.

हे सगळे मी वाचू लागलो ते कन्नडच्या आमच्या घरामुळे. आई तिथे एकटी राहते. गल्लीत चोऱ्या झाल्या, तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाने येऊन दाराला उच्च सुरक्षेचे कुलूप बसवले. किल्लीला दाते नाहीत, चपट्या अंगावर खळगे आहेत. बरोबर एक कार्ड. त्यावाचून दुसरी किल्ली मिळत नाही. किल्ल्या तीन. एक आईकडे, एक पुण्यात, एक माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरात. जुन्या कुलपाची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असे. तशीच हीही असावी म्हणून मी बसस्थानकाजवळच्या किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने ती उलटसुलट पाहून आदराने परत केली. "ही आपल्याकडं होत नसती सर. कार्डावर कंपनीतूनच येती."

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली. आतून कडी लावायची नाही, म्हणजे गरज पडल्यास बाहेरून किल्लीने उघडता येईल, ही सूचना ती नेमाने पाळत होती. किल्ली मात्र साठेक किलोमीटरांवर होती. मी पोहोचेपर्यंत दीड तास गेला. तेवढा वेळ काकू मागच्या बोळात, न्हाणीघराच्या झरोक्याखाली उभ्या राहून आईशी बोलत होत्या. तिने डोळे मिटू नयेत म्हणून माहेरच्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. आता आई काठी घेऊन चालते.

कुलपात कोणताही दोष नव्हता, हेच मला अस्वस्थ करते. ते अगदी निर्दोषपणे वागले. कन्नड तालुक्यातच पितळखोऱ्याला ख्रिस्तपूर्व काळातल्या लेण्याच्या दाराशी दोन शस्त्रधारी द्वारपाल कोरलेले आहेत. दगडाचे असले तरी कल्पना माणसाची आहे: येणाऱ्याचे तोंड पाहून कोणाला अडवायचे आणि कोणाला सोडायचे, हे ठरवणारा. कुलपाला तोंड दिसत नाही. त्याला केवळ धातूचा आकार कळतो आणि त्याची गुंतागुंत जसजशी वाढते, तसतसे त्याचे हे अज्ञान अधिक परिपूर्ण होते. चोर आणि काकू यांच्यात भेद करण्याचे काम ते करीत नाही. ते आपण किल्ल्या वाटतानाच करून ठेवायचे असते. दहा लक्षांचा हिशेब कारखाना करतो, तीन किल्ल्यांचा घराला करावा लागतो.

माझी किल्ली मी काकूंना देऊन आलो. ती त्यांच्या देवघराशेजारच्या खिळ्याला लटकते. येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसावी अशी. भावाला हे फोनवर सांगितले. "मग त्या कुलपाला अर्थ काय राहिला?" असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जरा वेळ तो गप्प होता. मग त्याने काकूंचा नंबर मागितला.