पट्टीनं न मोजलेलं अंतर

अंतर म्हणजे किलोमीटर, यावर माझा ठाम विश्वास होता. अनुरेखक म्हणून नोकरीची सगळी वर्षं धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. पट्टी ठेवायची, प्रमाणानं गुणायचं, की उत्तर हातात. लेक अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजेला गेली तेव्हा तिचं दूर जाणंही मी तसंच मोजलं. तिकीट काढताना ‘कमीत कमी अंतराचंच विमान बघा’ हा जावयांपाशी माझा हट्ट असायचा. तो हट्ट मी सोडला आहे.

सुरुवात पृथ्वीगोलापासून झाली. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं म्हणजे युरोप, अटलांटिक आणि अख्खी अमेरिका. गोलावर शिवणाचा दोरा ताणून धरला, तर तो पश्चिमेला वळेचना! लडाखवरून सैबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का आणि मग खाली कॅलिफोर्निया. सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. तरीही किलोमीटरवरची श्रद्धा शाबूत होती, फक्त पट्टीच्या जागी दोरा आला होता.

ती डळमळली एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानामुळे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं अटलांटिकवरचा मार्ग सोडून ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० वर गेलं, प्रवास मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी झाला! हे वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. विमानाचा वेग भोवतालच्या हवेतला. ती हवाच पुढं सरकत असेल तर तो वेग विमानाला आयता मिळतो. पाणी सुटलेल्या कालव्यात ओघाबरोबर पोहणारा पोरगा फारसे हात न मारता पुढचा पूल गाठतो, तसंच हे. अटलांटिककडून जाताना त्याच वाऱ्याशी झुंजावं लागायचं.

शिवाय सरळ दोऱ्यावरून उडायला मिळतंच असं नाही. तिबेटच्या पठारावर हवेचा दाब गेला तर विमानाला पुरेसं खाली उतरता येत नाही, म्हणून तो भाग शक्यतो टाळतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे तास वाढले. गोलावरचा दोरा होता तेवढाच होता.

आणि लेकीला माझ्यापर्यंत यायचं तर विमान उतरल्यावरही प्रवास उरतोच. मुंबईहून द्रुतगती मार्ग, पावसाळ्यात बोरघाटातली कोंडी, मग चांदणी चौक, नवले पूल, धायरी. बॅगा मिळून पुण्याजवळ खडकवासल्याला माझ्या दारात यायला सहा तासही लागू शकतात, आणि तिकिटावर त्यातलं काहीच नसतं. लहान मूल कडेवर असलेल्या बाईला या सहा तासांचं ओझं हजार किलोमीटरपेक्षा जड असतं, असं मला मनापासून वाटतं.

या डिसेंबरला ती येतेय. जावयांनी दोन पर्याय पाठवले. लांबून येणारं, पण पहाटे रस्ता मोकळा असताना उतरणारं विमान घ्या, असं मी कळवलं.