अक्षता आधी, सावधान मागाहून

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचे संपादक मोठे चतुर गृहस्थ आहेत. गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभे असताना मी त्यांच्याजवळ सहज बोलून गेलो की, बहिणीच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरविण्यात माझा सारा हिवाळा खर्ची पडला. त्यांनी तेवढे वाक्य नेमके पकडून ठेवले, आणि यंदा निरोप धाडला : "त्या खटाटोपावर चार पाने लिहा. आपल्यापैकी प्रत्येकाच्या तळघरात अशा कॅसेटी कुजत पडल्या आहेत." मी काही या विद्येतला जाणकार नव्हे. परंतु ज्या चुका मी केल्या त्या दुसऱ्या कोणी करू नयेत असे सांगण्याइतका अधिकार, त्या चुकांच्या संख्येमुळेच, मला प्राप्त झाला आहे.

प्रथम त्या कॅसेटीची कुळकथा सांगितली पाहिजे. मी १९८७ साली न्यू जर्सीत आलो. १९९० च्या वैशाखात धाकट्या बहिणीचे लग्न पुण्यास ठरले, तेव्हा माझी कायम वास्तव्याची कागदपत्रे सरकारदरबारी अडकलेली होती. देश सोडला तर पुन्हा येथे पाऊल ठेवता येईल की नाही, याची शाश्वती नव्हती. मी गेलो नाही. "येऊ नकोस, आम्ही समजतो," असे वडिलांनी कळविले खरे; पण त्या लग्नानंतर त्यांच्या हातचे पत्र मला कधी आले नाही. पत्रे येत, ती आईच्या अक्षरात. मजकूर वडिलांचा, आणि शेवटचे 'तुझे अण्णा' हे शब्दसुद्धा आईनेच लिहिलेले. हा अण्णांचा रुसवा आहे असे मी मनाशी धरून चाललो, आणि तो प्रत्यक्ष भेटीतच काढायचा असे ठरविले. कागदपत्रे हाती पडून मी पुण्यास पोहोचलो तो १९९३ साली. अण्णा त्याआधीच, १९९२ च्या श्रावणात, गेले होते.

अण्णांचा आवाज त्या एका कॅसेटीखेरीज कोठेही नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके स्वतःच म्हटली होती. साथीला घरचीच पेटी होती.

कॅसेट टपालाने आली तेव्हा ती येथील यंत्रावर चालेना. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले ते 'पाल' नावाच्या पद्धतीचे : सेकंदाला पंचवीस चित्रे, आणि प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे. अमेरिकेची पद्धत 'एनटीएससी' : चित्रे जवळजवळ तीस, ओळी ५२५. भारतातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि इथली साठ, त्यातूनच हा दुजाभाव जन्मला. जवळच्या एका दुकानदाराने पैसे घेऊन इथल्या पद्धतीची नक्कल करून दिली. मूळ कॅसेट मी १९९३ साली पुण्यास नेली व बहिणीच्या कपाटात ठेवून आलो. नक्कल हाती असताना अस्सल कशाला जपावयाचे, असा माझा त्या वेळचा हिशेब होता.

गेल्या हिवाळ्यात मी ही नक्कल बाहेर काढली, जुने यंत्र व संगणक यांना जोडणारे एक स्वस्त उपकरण आणले, आणि दोन तासांत काम उरकेल अशा समजुतीने बसलो. पहिल्या प्रयत्नात सारे वऱ्हाड लठ्ठ दिसू लागले. जुन्या चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण चारास तीन असे, हल्लीच्या पडद्याचे सोळास नऊ आहे. संगणकाने बिचाऱ्या नवरदेवास ओढून बसविले होते. हा दोष एका खुणेने दूर झाला. मी खूश झालो, आणि मंगलाष्टकांपाशी आलो.

तेथे अक्षता आधी पडल्या, आणि 'सावधान' मागाहून ऐकू आले.

मंगल कार्यालयातल्या दोनशे माणसांनी हात उंचावून तांदूळ उधळले, ते नवरानवरीच्या मुंडावळ्यांवर पडून खाली ओघळले, भटजींनी पुढचा श्लोक धरण्यासाठी मान हलविली, आणि मग अण्णांचा आवाज सावधान म्हणाला. मुलगी हसली. मलाही हसू आले असते, पण आले नाही.

आवाज व चित्र यांची ही फारकत निरनिराळ्या कारणांनी होते, आणि रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये हे मी हळूहळू शिकलो. पहिले आठ दिवस मी आवाज पुढेमागे सरकवीत बसलो. मंगलाष्टके जुळली की आरंभीची सनई बिघडे. शेवटी घड्याळ व वही घेऊन बसलो. आरंभी अंतर शून्य, अर्ध्या तासाला पावणेदोन सेकंदांहून किंचित अधिक, तासाला साडेतीनच्या पुढे, आणि दोन तासांच्या शेवटी, पाठवणीच्या वेळी, सात सेकंदांवर. अंतर असे सारख्या गतीने वाढत असेल तर दोष गतीच्या आकड्यातच असला पाहिजे. येथील चित्रे सेकंदाला 'जवळजवळ' तीस असतात असे मी वर म्हटले, त्या 'जवळजवळ'मध्येच सारे पाणी मुरत होते. १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरदर्शनाची पद्धत मंजूर झाली तेव्हा रंगाची लहर व आवाजाची लहर यांचे भांडण पडद्यावर दिसू नये म्हणून चित्रांची गती हजारास हजार एक या प्रमाणात मंदावली. तीसचे २९.९७ झाले. माझ्या उपकरणाने मात्र ठोक तीस अशी नोंद केली होती. एका तासाचे ३६०० सेकंद, त्याचा हजारावा भाग ३.६ सेकंद. तेवढ्याने चित्र पुढे धावत होते. आकडा सुधारला, आणि अक्षता व सावधान एकत्र आले.

या आनंदात मी एक नवी चूक केली. गाडीत ऐकावयास म्हणून नुसता आवाज वेगळा काढला. व्हिडिओतला आवाज सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन साठविलेला असतो, गाण्याच्या तबकड्यांवर ४४,१०० घेऊन. मी संगणकाला आवाज जसाचा तसा दिला, पण आकडा तबकडीचा सांगितला. परिणामी तो शेकडा आठ सावकाश चालू लागला आणि सूर सुमारे दीड पट्टी खाली उतरला. हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही. तीन दिवस मी तेच ऐकत कामावर गेलो. एके दिवशी शेजारी बसलेल्या मुलीने विचारले, "बाबा, आजोबांचा आवाज खरंच इतका जड होता?"

मी "हो" म्हणावयास तोंड उघडले आणि थांबलो. मला आठवेना. वडिलांच्या आवाजासारखी गोष्ट आपल्या ठायी कायमची कोरलेली असते अशी माझी समजूत होती. तीन दिवस एक परका, थकलेला गृहस्थ अण्णांच्या नावाने गात होता, आणि मी तो आवाज त्यांचा मानून डोळे पुसले होते.

त्या रात्री तो तुकडा पुण्यास बहिणीला पाठविला. सकाळी तिचा फोन आला. "दादा, हा आवाज आपल्या अण्णांचा नाही. अण्णा काळी दोनमध्ये गात. त्या दिवशीची पेटी अजून माझ्याकडे आहे. मी लावून पाहिलं, हा सूर पेटीवर मिळतच नाही, दोन पट्ट्यांच्या मधे पडतो." तेव्हा कोठे मी आकडे तपासले. दुरुस्त तुकडा पाठविल्यावर तिने फोनवरच पेटीचा सूर धरला, आणि अण्णा त्यावर बरोबर बसले. पट्टीचे मला नीट समजत नाही. पण पेटी विसरत नाही, मी विसरतो, हे त्या दिवशी समजले.

त्याच बोलण्यात मूळ कॅसेटीचा विषय निघाला. कारण नकलेत एक दोष असा होता की तो मजकडून जाईना. सप्तपदीच्या वेळी बहीण चालता चालता अडखळल्यासारखी दिसे. १९९० च्या दुकानातल्या यंत्राला पाच चित्रांची सहा करावयाची होती. त्याने सरळ दर पाचानंतर एकाची पुनरावृत्ती केली होती. हा दोष फितीतच मुरलेला, त्यावर कोणत्याही आकड्याची मात्रा चालत नाही. नकलेची नक्कल करीत गेलो तर प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते, हे येथील वाचकांपैकी ज्यांनी कागदपत्रांच्या छायाप्रतींच्या छायाप्रती काढल्या असतील त्यांना सांगावयास नको.

बहिणीने कॅसेट एका परिचितांबरोबर पाठविली. पुण्याचे जवळजवळ तीस पावसाळे खाल्लेल्या त्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी चढली होती. येथे एक सूचना आग्रहाने करतो : अशी फीत यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राला लागते आणि त्यातून पुढच्या साऱ्या कॅसेटींना. मी ती जाणत्या माणसाकडून स्वच्छ करवून घेतली. यंत्राचा प्रश्न याहून कठीण. ही यंत्रे घडविणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी फुनाई ही जपानी कंपनीदेखील २०१६ च्या जुलैत थांबली. तेव्हा जे आहे ते वापरलेले, आणि त्यात दोन्ही पद्धती जाणणारे मिळणे म्हणजे दैवयोग. मला महिनाभराने मिळाले.

आणि पुन्हा अक्षता आधी पडल्या! पण या वेळी मी वही घेऊनच बसलो होतो. अंतर सारखे वाढत नव्हते. वीस मिनिटे सारे ठीक, मग एके ठिकाणी एकदम पाव सेकंद, पुढे पुन्हा ठीक, मग आणखी एक धक्का. हा गतीचा रोग नव्हे. फीत जेथे चुरगळलेली होती तेथे खुणेची लहर डळमळत होती, उपकरण गोंधळून तेवढी चित्रे गाळीत होते, आणि आवाज मात्र न थांबता पुढे चालला होता. लक्षण तेच, रोग निराळा. यावर 'टाइम बेस करेक्टर' नावाचे यंत्र मधे बसवितात. ते प्रत्येक ओळ वेळेवर हजर करते. मी ते उसने आणले. गळती थांबली.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीत एक चित्र दोन हप्त्यांत येते, आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. आजच्या पडद्यावर दोन्ही हप्ते एकदम दिसल्यामुळे हलत्या वस्तूच्या कडेला फणीचे दात येतात. हप्ते वेगळे करून सेकंदाला पन्नास चित्रे केली की हालचाल मूळची होते. मात्र कोणता हप्ता आधी हे चुकले तर चालणारा माणूस एक पाऊल पुढे, एक मागे असे करतो, आणि माझी बहीण दोन दिवस सप्तपदीतून माघार घेत होती. मग दळणवळणाचा घोटाळा. 'एमपी-४' हे निव्वळ डब्याचे नाव आहे. आत चकली आहे की शंकरपाळे, हे झाकणावरून कळत नाही. मी रंगांचा तपशील नेहमीच्या दुप्पट ठेवून 'एच-२६४' पद्धतीने भरलेला डबा पुण्यास धाडला, आणि बहिणीच्या दूरदर्शन संचावर नुसता आवाज आला, चित्र काळे. नेहमीच्या प्रमाणात रंग भरून पाठविला, तेव्हा चालला. हे सारे काम फुकट मिळणाऱ्या 'एफएफएमपेग' नामक साधनाने होते. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने ते २००० साली सुरू केले. फितीवरून प्रथम उतरविलेली, काहीही न गाळलेली, तासाला पंचवीस-तीस गिगाबाइट जागा खाणारी प्रत मी तशीच दोन ठिकाणी ठेवली आहे. वाटावयाच्या प्रती तिच्यापासून करतो, एकीपासून दुसरी करीत नाही.

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही इकडे व बहीण तिकडे, अशी एकाच वेळी ती प्रत पाहण्यास बसलो. सनई जुळली. अंतरपाटाची किनार सरळ होती, तिला दात नव्हते. छायाचित्रकाराचे सारे लक्ष नवरीकडे; अण्णा केवळ आवाजाने तेथे होते. चौथ्या श्लोकाला कॅमेरा क्षणभर त्यांच्याकडे वळला. डाव्या हातात मंगलाष्टकांचा कागद, आणि तो कागद थरथरत होता.

ही थरथर मी नकलेतही पाहिली होती, आणि ती पाचाच्या सहा करण्यातली अडखळ असे समजून वहीत दोष म्हणून मांडून ठेवली होती. मी चित्र थांबविले, मागे नेले. अण्णांच्या मागच्या खांबाची रेघ स्थिर होती. शेजारच्या पेटीवाल्याची बोटे स्वच्छ, एकामागून एक पडत होती. कागद तेवढा हलत होता.

फोनवर बहीण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच वर्षी सुरू झालं होतं, दादा. पुढं पेनसुद्धा धरवेना. आई म्हणाली, एवढ्या लांब त्याला कशाला कळवायचं."

मी चित्र पुन्हा सुरू केले. सावधान झाले, आणि अक्षता पडल्या.