सायगावला जायचंय? मग हे वाचा

हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगाव, पुणेकराला परकं वाटतच नाही... जिकडे बघावं तिकडे दुचाक्या! १९८६च्या ‘दोइ मोइ’ सुधारणांनंतर देश सुसाट सुटलाय आणि राहणं अजून स्वस्त आहे. पण लॅपटॉप उचलण्याआधी तीन गोष्टी बघा. ९० दिवसांच्या टुरिस्ट ई-व्हिसावर नोकरी चालत नाही, वर्क परमिट लागतं. १८३ दिवस राहिलात की जगभरातल्या कमाईवर तिथला कर, कमाल दर ३५ टक्के. शिवाय आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९च्या करारातला, व्हिएतनाम मानतं १९६८चा. स्कूटर भाड्याने सहज मिळेल हो, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग कसली स्वस्ताई? असो. कागदपत्रं नीट करा आणि जरूर जा!