लोभ असावा

परवा एका विद्यार्थिनीचे पत्र आले. शिष्यवृत्तीसाठी मी तिला चार ओळींची शिफारस लिहून दिली होती. तेवढ्यावरून आपण ‘ऑफुली ग्रेटफुल’ असल्याचे तिने कळविले होते. मला हसू आले. ईश्वरासमोर किंवा मृत्यूसमोर उभे राहताना माणसाला जे भय आणि जो आदर एकदम वाटतो, त्यासाठी ‘ऑफुल’ हा शब्द एके काळी राखून ठेवलेला होता. आज त्याच्या क्रियाविशेषणाला चहा फार छान झाला आहे, एवढे सांगण्याचेही काम करावे लागते. ‘टेरिबली’ची तीच गत. त्यातले भय केव्हाच निघून गेले आणि नुसते ‘फार’ मागे उरले. अर्थात आपणही ‘भयंकर गोड मूल’ म्हणू लागलो आहोत. तेव्हा इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही.

इंग्रजीतील भावनावाचक शब्दांची चरित्रे थोरामोठ्यांच्या चरित्रांइतकीच चढउतारांची आहेत. ‘एन्थुझिअ‍ॅझम’ या शब्दाचे मूळ ग्रीक. अंगात देव संचारणे हा त्याचा भाव. सतराव्या-अठराव्या शतकांत मात्र तो धर्मवेड्यांना हिणविण्यासाठी वापरीत. डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या कोशात त्याचा अर्थ साक्षात्कार झाल्याची पोकळ समजूत असाच दिला आहे. आज तोच गुण लोक नोकरीच्या अर्जात आवर्जून नमूद करतात! ‘सेंटिमेंटल’चे नशीब याच्या उलट. 1749 साली कादंबरीकार रिचर्डसन याला त्याच्या एका वाचक स्नेहीण बाईने पत्रातून विचारले की, सभ्य मंडळींत इतका बोकाळलेला हा शब्द, त्याचा अर्थ तरी काय? पुढे 1768 मध्ये स्टर्नने तो आपल्या प्रवासग्रंथाच्या नावातच घातला. डोळ्यांत पाणी येणे हे तेव्हा सुसंस्कृतपणाचे लक्षण होते. 1771 साली निघालेल्या मॅकेंझीच्या कादंबरीचा नायक तर पानोपानी गहिवरतो. पुढील शतकात हाच शब्द उथळ रडवेपणाला चिकटला. ‘मॉडलिन’ची कथा आणखी करुण आहे. येशूच्या चरणांशी अश्रू ढाळणारी मेरी मॅग्डलीन चित्रकारांनी रंगविली, आणि भाषेने तिचे नाव दारूच्या भरात रडणाऱ्या माणसाला देऊन टाकले!

हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो आणि शेवटी अभिमानाने म्हणत आलो, “आपली माणसे बोलत नाहीत, म्हणूनच त्यांच्या भावना झिजत नाहीत.” या वाक्यावर मुले माना डोलवीत.

गेल्या वर्षी दादा गेला. वडिलांच्या मागे त्याने शिक्षण सोडले, दुकानात हिशेब लिहिले आणि मला कॉलेजात धाडले. दिवस झाल्यावर वहिनींनी त्याच्या ट्रंकेतले एक पुडके माझ्या हाती दिले. वसतिगृहातून मी त्याला लिहिलेली सारी पत्रे त्यात होती. पत्रे मराठीत, पण प्रत्येकाच्या शेवटी, सहीच्या वर, इंग्रजीत ‘विथ लव्ह’. मराठीत तसे काही लिहिण्याची माझी छाती नव्हती. ते दोन शब्द परके होते म्हणूनच मला स्वस्त पडत.

पहिल्या पत्रावर त्या शब्दांशेजारी दादाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवले होते : ‘म्हणजे, लोभ असावा.’

मी प्राध्यापक; भाषांतर चुकले हे माझ्या तत्काळ ध्यानात आले. इंग्रजी पत्रलेखक प्रेम देऊ करतो. मराठी पत्रलेखक ते मागतो. मग मी ती पत्रे पुन्हा चाळली. कुठे फीचे पैसे, कुठे पुस्तकांचे, कुठे नव्या कोटाचे. एकूण एक पत्रात मागणेच होते. दादाने भाषांतर बिनचूक केले होते.

आपली माणसे बोलत नाहीत, हे खरेच. पण दादाचे न बोलणे आणि माझे न बोलणे एक नव्हते. त्याने करून दाखविले आणि बोलण्याची गरज ठेवली नाही. मी बोललो नाही, आणि त्या गप्प राहण्यालाच संयम हे नाव दिले.

त्या मुलीला उत्तर लिहायला बसलो, तेव्हा सवयीने ‘ऑफुली’खाली खूण करण्यासाठी तांबडी पेन्सिल उचलली होती. ती खाली ठेवली, आणि पत्र पोचल्याने फार आनंद झाला, असे मराठीत लिहिले.