हवा खाणारा बेडूक

गेल्या वीकेंडला घरी गेलो होतो, देवळाली प्रवराला. पाऊस झालेला, उसात पाणी साचलेलं आणि रात्रभर बेडकांचा नुसता कल्ला. त्यावरून हे लिहायचं राहिलंय ते आठवलं.

माझा भाचा जानेवारी २०२३चा. ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिल्यांदा दूध पाजलं आणि बाळ निळं पडलं, तोंडाला फेस. नाकातून नळी घातली तर ती छातीतच अडली. लगेच पुण्याला हलवलं. डॉक्टरांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. अन्ननलिका वरून येऊन मध्येच बंद, आणि पोटाकडचा तुकडा थेट श्वासनलिकेला जोडलेला. साधारण ३००० ते ४५०० बाळांत एकाला असं होतं म्हणे. ऑपरेशन झालं, बाळ वाचलं.

पण घरी आल्यावर शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "ग्रहण पाळलं नसेल." दिवाळीत, २५ ऑक्टोबर २०२२ला, सूर्यग्रहण होतं आणि ताईने त्या दिवशी विळीवर भाजी चिरली होती. सातवा महिना. झालं! ताई कुणाशी धड बोलेना.

मी दहावीनंतर बायॉलॉजीशी फारकत घेतलेला माणूस, पण रात्री वाचत बसलो. आणि सापडला काय, तर बेडूक!

बेडूक असो की माणूस, गर्भात सुरुवातीला एकच नळी असते. तिच्या पुढच्या बाजूला फुप्फुसांचे कोंब फुटतात. मग नळी मधोमध आवळली जाते, दोन्हीकडच्या भिंती एकमेकींना चिकटतात, तो पडदा दुभंगतो आणि श्वासाची नळी वेगळी, अन्नाची वेगळी. सिनसिनाटीतल्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१९ साली हे आफ्रिकन बेडकाच्या आणि उंदराच्या गर्भात दाखवलं. बेडूक सोयीचा, कारण त्याची अंडी आईच्या पोटात नाही, पाण्यात वाढतात.

पुढे मात्र वाटा फुटतात. बेडकाची श्वासनलिका अगदी तोकडी, फुप्फुसं म्हणजे आत थोडे कप्पे असलेल्या दोन पिशव्या. कातडीतूनही श्वास घेतो, त्याचं भागतं. आपली नळी लांब वाढते, तिला वीसेक वेळा फाटे फुटतात आणि टोकाला कोट्यवधी वायुकोश. पण एकाच्या दोन नळ्या करायची पायरी दोघांत सारखी. भाच्याची नेमकी तीच हुकली.

आणि माणसात ती येते कधी? गर्भ चार ते सहा आठवड्यांचा असताना. मी कॅलेंडर उघडलं. मे २०२२! ताईला तेव्हा दिवस गेल्याचं जेमतेम कळलं होतं. ग्रहण त्यानंतर पाच महिन्यांनी. असं का होतं हे बहुतेक बाळांत सापडत नाही, पण कधी होतं ते माहीत आहे.

ताईला फोन केला. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "हे आईला पण सांग. काकूंना मी सांगते."

परवा भाचा ओट्याखालच्या बेडकासमोर उकिडवा बसला होता. बेडकाचा गळा खालीवर, खालीवर.

"मामा, तो काय खातोय?"

"हवा," म्हटलं. त्याला छातीचा पडदा नसतो, गळ्यानेच हवा आत ढकलतो.

"मी पण खातो," म्हणून त्याने गाल फुगवले आणि खोकला. त्याचा तो खोकला अजून भुंकल्यासारखाच येतो.