पिनरमधला द्राविडी प्राणायाम

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर पिनर नावाचं स्टेशन आहे. हॅरोच्या बाजूला राहणारे आपले कितीतरी लोक रोज तिथून जातात, पण उतरत नाहीत. उतरून थोडं चाललं की मेमोरियल पार्क लागतं. तिथे तळं आहे, बदकं आहेत, आणि वेस्ट हाउस या जुन्या वास्तूशेजारी २०१६ साली उघडलेलं एक छोटं संग्रहालय आहे: विल्यम हीथ रॉबिन्सन यांच्या चित्रांचं.

१८७२ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराला खरं तर निसर्गचित्रं काढायची होती. पोटासाठी पुस्तकांची चित्रं काढली, आणि नाव झालं ते अजब यंत्रांमुळे. १९०८ पासून काही वर्षं ते पिनरलाच राहत होते. साध्या कामासाठी चाकं, कप्प्या आणि गाठी मारलेल्या दोऱ्यांचा प्रचंड खटाटोप, आणि तो अत्यंत गंभीर चेहऱ्यानं चालवणारी ढेरपोटी माणसं, हा त्यांचा थाट. अशा यंत्राला इंग्रज आजही 'हीथ रॉबिन्सन' म्हणतात. आपण द्राविडी प्राणायाम म्हणतो.

पहिल्या महायुद्धात त्यांनी हीच यंत्रं रणांगणावर नेली. शत्रूच्या संगिनी वाकड्या करणारं चिलखती यंत्र. शत्रूच्या पायाची भोवरी चिरडणारी चिलखती गाडी! भारतातून आलेल्या सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं, तर स्वतःच्या भोवरीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "अगं, याला युद्ध बरोबर कळलंय. एवढ्यानं कुणीही शरण येईल."

माझी दहा वर्षांची लेक मात्र हसली नाही. एका चित्रात जर्मन सैनिक हल्ल्याआधी ब्रिटिशांवर हसवणारा वायू सोडतात. "आई, वायूनं खरंच माणसं मेली ना? मग हे विनोदी कसं?"

शिक्षिका असताना असे प्रश्न मला आवडायचे. आई म्हणून जरा जड जातात. ते चित्र १९१५ च्या पुस्तकातलं. त्याच वर्षी २२ एप्रिलला ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन सोडला. चारच दिवसांनी तिथे लढणाऱ्या लाहोर डिव्हिजनच्या भारतीय सैनिकांनाही वायूला तोंड द्यावं लागलं. हे मी तिला लपवून ठेवलं नाही. मग म्हटलं, आता त्या जर्मनांचे चेहरे बघ. त्या काळच्या प्रचारचित्रांत जर्मन म्हणजे राक्षस असायचा. इथे तो जाडजूड, कामात बुडालेला, थोडा बावळट. इंग्रज सैनिकही तसाच. आघाडीवरचे सैनिक रॉबिन्सनना पत्रं लिहून नव्या कल्पना सुचवत. ज्यांच्यावर वायू येत होता, त्यांनाच हे हसू हवं होतं.

तिला ते पूर्ण पटलं नाही. पटावं असा माझा आग्रहही नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा युद्धाची चित्रं काढू लागले. १९४३ मध्ये ब्लेचली पार्कला जर्मन संदेश फोडण्यासाठी एक यंत्र बनलं. कागदाच्या दोन लांब फिती एकाच वेगानं फिरवायच्या. त्या ताणायच्या, तुटायच्या. ते चालवणाऱ्या नौदलातल्या मुलींनी त्याचं नाव ठेवलं 'हीथ रॉबिन्सन'. त्याच्याच अडचणींतून पुढे 'कोलोसस' हा संगणक आला. रॉबिन्सन मात्र सप्टेंबर १९४४ मध्ये, युद्ध संपण्याआधीच गेले.

पुढच्या वेळी आई-बाबा आले की त्यांना पिनरला जरूर न्या. इंग्रजी येण्याची फारशी गरज नाही. नातवंडांना सोबत घ्या. प्रश्न तीच विचारतील.